ओझरनं पाणी मोजलं, आता डेटा कोण मोजणार?

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. यावेळी एकही फोटो टाकलेला नाही, व्हिडिओ नाही. का नाही ते शेवटी कळेल.

मागच्या महिन्यात बाणगंगेच्या पुलावर उभा राहून व्हिडिओ घेत होतो. विषय नेहमीचाच, नदीतला कचरा. चार मिनिटं बोललो, घसा कोरडा झाला आणि शेवटच्या मिनिटाला फोनवर पाटी आली, जागा संपली. अख्खं रेकॉर्डिंग गेलं. कचऱ्याची बातमी द्यायला गेलो आणि माझाच फोन कचऱ्यानं भरलेला निघाला. घरी येऊन बघितलं तर एकट्या व्हॉट्सॲपनं ४१ जीबी खाल्ले होते. त्यात सुप्रभात किती, वाढदिवसाचे बॅनर किती, एकच व्हिडिओ सात ग्रुपवरून आलेला किती, मोजायला बसलो तर संध्याकाळ झाली.

मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, कशाला साफ करत बसता, नवीन घ्या. एक्स्चेंजला लावू." मी जवळजवळ घेतलाच होता. पण घरी कपाटाचा खण उघडला तर आत आधीचे चार फोन पडलेले. एकाची काच फुटलेली, बाकीचे तीन फक्त "भरले" म्हणून बदललेले.

हे सगळं मी गल्लीतल्या एका काकांना सांगत होतो. वाघाडच्या कालव्यावरच्या पाणी वापर संस्थेचे जुने सभासद. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हा लोकांचं हेडच्या शेतकऱ्यासारखं झालंय रे. पाणी दारात, मोजणारं कोणी नाही, म्हणून रात्रभर चारी फोडून ठेवायची. टेलला काय चाललंय ते बघायला जायचं नाही."

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. थोडा इतिहास आहे, थोडा आपल्या गावाचा आहे आणि थोडी माझी कबुली.

आपल्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याला आपण अजून आग्रा रोडच म्हणतो. या दोन शहरांना जोडणारी अजून एक गोष्ट होती, आज कोणाला आठवत नाही. १८५४ साली कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरं तारेनं जोडली गेली. १८५५ च्या फेब्रुवारीत ही तार सामान्य माणसांसाठी खुली झाली. दर काय होता? सोळा शब्दांना चारशे मैलांपर्यंत एक रुपया. त्या काळातला रुपया. म्हणजे माणूस पोस्टात जाऊन आधी मनात शब्द मोजायचा, मग कागदावर मोजायचा, मग मास्तर मोजायचा.

ही मोजायची सवय पुढं दीडशे वर्षं टिकली. शुभेच्छांच्या तारेत तर अजून गंमत होती. दिवाळी, लग्न, परीक्षेत पास, अशी ठरलेली वाक्यं असायची आणि प्रत्येकाला एक नंबर. तुम्ही नंबर सांगायचा, तारेतून फक्त नंबर जायचा आणि पलीकडचा माणूस ते आख्खं वाक्य लिहून पोचवायचा. आजच्या भाषेत डेटा कॉम्प्रेशन. १४ जुलै २०१३ ला देशातल्या शेवटच्या तारा घेतल्या गेल्या आणि हा हिशेब बंद झाला.

आता तुलना करा. सोळा शब्दांची तार म्हणजे संगणकाच्या मापात फार तर शंभर बाइट. आज सकाळी तुम्हाला आलेलं सूर्यफुलाचं सुप्रभात दोनशे केबीचं असेल, तर ते दोन हजार तारांएवढं झालं. आणि त्यात निरोप काय? काहीच नाही.

पण जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायचं नाही मला. तारेनंही निसर्गाची किंमत वसूल केली होती, फक्त ती लांब कुठंतरी. समुद्राखालून तार न्यायची तर तिच्यावर पाणी शिरणार नाही असं वेष्टण लागतं. ते मिळायचं गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून. ही झाडं मलाया, बोर्निओ, सुमात्राच्या जंगलात. एका झाडातून चीक मिळणार थोडासा, आणि तो काढायला झाड आडवं पाडायचं. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेनं एडनमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. मुंबईच्या व्यापाऱ्याला कापसाचा लंडनचा भाव लवकर कळायला लागला. त्याला कुठं माहिती, की आपल्या तारेसाठी दूर कुठल्या बेटावर जंगल पडलंय? त्या काळात अशी लाखो झाडं तुटली.

तेव्हा झाड दिसत नव्हतं. आता कोळसा दिसत नाही. बाकी गोष्ट तीच.

माझ्या पिढीनं मधला काळ बघितलाय. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपल्याकडं ते पोचायला अजून चार-पाच वर्षं गेली. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून बातम्या द्यायला लागलो तेव्हा बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचो. बस हुकली की बातमी हुकली. मग फॅक्स आला. पानाला पैसे पडायचे म्हणून बारीक अक्षरात, समास न सोडता लिहायचो. मग सायबर कॅफे. तासावर पैसे. एकदा मी द्राक्षाच्या बागेतला गारपिटीचा फोटो तसाच्या तसा, दोन एमबीचा पाठवला. डेस्कवरच्या ज्येष्ठांनी फोनवर जे झापलं ते अजून आठवतं. "अरे, इथली लाइन तासभर अडकवलीस तू! साठ केबीच्या वर फोटो पाठवायचा नाही." मी शिकलो. साठ केबीत गारपीट दाखवायला शिकलो.

नंतर लोडशेडिंगचा काळ आला. २००५ नंतरची ती वर्षं विसरणं शक्य नाही. गावात दहा-दहा, बारा-बारा तास वीज नाही आणि मोबाईलच्या टॉवरखाली मात्र डिझेलचं जनरेटर धडधडतंय. फोनच्या रेंजला धुराचा वास येतो हे तेव्हा आपल्याला नाकानं कळत होतं. पुढं २०१२ मध्ये दूरसंचार विभागानंच सांगितलं की ग्रामीण भागातल्या निम्म्या टॉवरना ग्रिडच्या विजेच्या जोडीला सौर किंवा दुसरी अपारंपरिक ऊर्जा वापरावी. म्हणजे हा प्रश्न सरकारदरबारी माहिती नाही असं नाही. वीज सुधारली, जनरेटरचा आवाज कमी झाला आणि आपणही विसरलो.

आणि मग २०१६ चा सप्टेंबर. त्याआधी आपण एक जीबी महिनाभर पुरवायचो. व्हिडिओ उघडायच्या आधी दहादा विचार. नवीन कंपनी आली, डेटा आधी फुकट आणि मग जवळजवळ फुकट झाला. २०१४ मध्ये भारतात माणशी महिन्याला पाव जीबीच्या आसपास डेटा वापरला जायचा. २०२४ मध्ये तो २७ जीबीच्या वर गेला. दहा वर्षांत शंभरपट. जगाच्या इतिहासात एखाद्या गोष्टीचा वापर इतक्या झपाट्यानं वाढल्याची उदाहरणं फार नाहीत.

याचा फायदा झाला नाही का? झाला, आणि भरपूर झाला. माझ्या ओळखीचे द्राक्षवाले रात्री दोनला उठून पावसाचा अंदाज बघतात आणि सकाळच्या फवारणीचं ठरवतात. लासलगावचा कांद्याचा भाव बांधावर बसून कळतो. मिगमध्ये नोकरीला लागलेल्याची पोरगी पुण्याला न जाता घरी बसून परीक्षेचा अभ्यास करते. हे सगळं बंद करा असं म्हणणारा माणूस मूर्ख ठरेल. प्रश्न या पाण्याचा नाहीच. प्रश्न चारी फोडून रात्रभर वाहू दिलेल्या पाण्याचा आहे.

हा डेटा जातो कुठं? "क्लाउड" म्हणतात, म्हणजे ढग. नावच फसवं. ढगबिग काही नाही. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात जा. खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतील. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा मुंबई-नवी मुंबईच्या परिसरात आहे, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईला येऊन लागतात. १८७० मध्ये तार जिथं लागली, तिथंच. आत हजारो संगणक रात्रंदिवस चालू. ते तापतात, त्यांना थंड ठेवायला अजून वीज आणि बऱ्याच ठिकाणी पाणीही लागतं.

वीज येते कुठून? महाराष्ट्रात अजूनही मोठा हिस्सा कोळशाचा. त्यासाठी चंद्रपूरला जायला नको. आपल्या जिल्ह्यात एकलहरे आहे. २१० मेगावॅटचे तीन संच, रेल्वेनं येणारा कोळसा, गोदावरी-दारणेचं पाणी आणि शेजारच्या गावांना राखेचा त्रास. आपल्या देशात एक युनिट विजेमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमचं-माझं रील बघणं आणि एकलहऱ्याची चिमणी यांच्यात एक तार आहे. ती दिसत नाही एवढंच.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब आहे की २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त, म्हणजे साधारण ९४,५०० कोटी युनिट होईल असा त्यांचा अंदाज आहे. आज अख्खा जपान जेवढी वीज वापरतो त्याहून थोडी जास्तच. या वाढीमागं मोठं कारण कृत्रिम बुद्धिमत्ता. आता तर सुप्रभातचा गणपतीसुद्धा लोक एआयकडून बनवून घेतात.

आता ओझरकडं येऊ. कारण या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या परदेशी अहवालात सापडलं नाही, ते आपल्या गावच्या इतिहासात सापडलं.

नव्या पिढीला माहिती नसेल म्हणून सांगतो. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण झालं. कालवा निघाला. आपलं ओझर त्या कालव्याच्या शेपटाला, टेलला. कागदावर आपल्या शेतीला पाणी होतं. प्रत्यक्षात धरण झाल्यावर दहा वर्षं टेलच्या शेतकऱ्यानं पाणी जवळजवळ बघितलंच नाही. का? धरणात पाणी नव्हतं म्हणून नाही. पाण्याची आकारणी क्षेत्रावर होती म्हणून. एकरभर पीक, अमुक हंगाम, तमुक रुपये. मग तुम्ही एक पाळी घ्या की शेतात तळं करा, पैसे तेवढेच. वरच्या माणसाला पाणी वाचवायचं कारणच नव्हतं.

अनलिमिटेड पॅक म्हणजे दुसरं काय असतं?

समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास या गोष्टीला हात घातला. त्यांनी मोर्चा काढून पाणी मागितलं असतं तर एका हंगामापुरतं मिळालंही असतं. त्यांनी वेगळं मागितलं. पाणी मोजून द्या, आम्ही मोजून पैसे भरतो, आत वाटायचं कसं ते आमचं आम्ही बघतो. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेच्या तोंडाशी पाणी घनमापन पद्धतीनं मोजायचं. आत शेतकऱ्याला तासावर द्यायचं. कोणाची पाळी कधी, हे आधी ठरणार आणि सगळ्यांना माहिती असणार. ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत पाणी अडवायचं म्हणजे विहिरी भरतील.

झालं काय? पाणी तेवढंच, पण पुरायला लागलं. मीटर बसला म्हणून नुसतं नाही, तर मोजलेला आकडा सगळ्यांसमोर आला म्हणून. कोणी किती घेतलं ते शेजाऱ्याला कळायला लागलं. ज्वारी-बाजरीच्या रानात द्राक्ष आलं, भाजीपाला आला. ठिबक आलं, कारण आता वाचवलेलं पाणी स्वतःच्या कामाला येत होतं. पुढं कालव्यावर वरपर्यंत संस्था झाल्या, २००३ मध्ये त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था झाली आणि अख्ख्या प्रकल्पाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हातात आला. २००५ मध्ये राज्यानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं देण्याचा कायदाच केला. त्या कायद्याच्या मागं जी अनुभवाची शिदोरी होती, त्यात ओझरचा डबा मोठा होता. बाहेरच्या राज्यांतली माणसं आजही हे बघायला येतात. आपण रोज त्या चारीवरून गाडी घेऊन जातो आणि मान वर करत नाही, कारण मान मोबाईलमध्ये.

काकांना मी विचारलं, "पण काका, पाणी आणि डेटा सारखा कसा? मी व्हिडिओ बघितला नाही म्हणून ओझरच्या टेलला काय जास्त मिळणार?"

ते म्हणाले, "मग आमचं एवढंच घे. आधी मोजायचं. मग गळती कुठं मोठी आहे ते बघायचं. पोराबाळांनी ओंजळीनं पाणी वाचवायचं आणि दार तुटलेलं तसंच ठेवायचं, असं आम्ही नाही केलं."

म्हणून मी मोजायला बसलो. आणि खरं सांगतो, माझेच बरेच समज खोटे निघाले.

पहिला समज, व्हिडिओ बघणं म्हणजे महापाप. मध्यंतरी एक आकडा फार फिरला होता, अर्धा तास व्हिडिओ म्हणजे काही किलोमीटर गाडी चालवणं वगैरे. ऊर्जा संस्थेनं २०२० मध्ये तो तपासला तेव्हा फारच फुगवलेला निघाला. त्यांच्या हिशेबानं तासभर व्हिडिओला सरासरी ०.०८ युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे आपला छतावरचा जुना पंखा तासभर. आणि त्यातला सत्तर टक्क्यांच्या वर वाटा तुमच्या समोरच्या पडद्याचा. डेटा सेंटरचा नव्हे. त्यामुळे मोबाईलवर बघितलं तर खर्च कमी, पंचावन्न इंची टीव्हीवर बघितलं तर जास्त. आणि टीव्ही चालू ठेवून मोबाईल बघत बसलात, तर दोन्ही.

दुसरा समज, जुने ईमेल डिलीट केले की पृथ्वी वाचते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये दुष्काळ होता तेव्हा तिथल्या सरकारी दुष्काळ गटानं लोकांना खरोखर सांगितलं, की जुने ईमेल आणि फोटो काढून टाका, डेटा सेंटरचं पाणी वाचेल. जाणकार लोक हसले. हा ओंजळीचा हिशेब झाला. ठेवलेल्या ईमेलला लागणारी वीज अगदी नगण्य.

मग मोठी गळती कुठं? तर आपल्या खणात. माझ्या कपाटाच्या खणात.

एका स्मार्टफोनमुळं आयुष्यभरात जेवढा कार्बन हवेत जातो त्यातला साधारण सत्तर-ऐंशी टक्के तो आपल्या हातात येण्याआधीच गेलेला असतो. खाणीतून धातू काढताना, चिप बनवताना, जोडताना. वर्षभर चार्ज करायला लागते ती वीज त्यापुढं किरकोळ. म्हणजे फोन दोन वर्षांऐवजी चार वर्षं वापरला तर हा सर्वात मोठा खर्च वर्षाला निम्मा होतो. दुसरी कुठलीही युक्ती याच्या जवळपास पोचत नाही. आणि जुन्या फोनचं काय होतं? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो फक्त २२.३ टक्के. उरलेला भंगारात, उकिरड्यावर, नाहीतर माझ्यासारख्यांच्या खणात.

आणि आपण फोन बदलतो का? दर वेळी बिघडतो म्हणून नाही. "भरला", "हँग होतो" म्हणून बदलतो. भरतो कशानं? इथं सुप्रभात परत येतं. २०१८ मध्ये बातमी आली होती, गूगलच्या लोकांनी शोधलं की भारतातल्या फोनची जागा का संपते. तीन स्मार्टफोनवाल्यांमागं एकाची जागा रोज संपत होती, अमेरिकेत दहामागं एकाची. कारण सापडलं, सकाळच्या शुभेच्छांचे फोटो.

म्हणजे साखळी अशी आहे. एक फुलाचा फोटो हवेत फार कार्बन सोडत नाही. पण असे हजारो फोटो फोन भरतात, भरलेला फोन बदलला जातो, आणि नव्या फोनचा बोजा फार मोठा असतो. गळती फोटोत नाही, फोटोनं कुजवलेल्या दारात आहे.

दुसरी मोठी गोष्ट कालव्यासारखीच. कालवा किती रुंद खोदायचा हे रोजच्या सरासरी पाण्यावर ठरत नाही, सर्वात जास्त मागणीच्या दिवसावर ठरतं. इंटरनेटचंही तेच. तुम्ही एक व्हिडिओ बघितला नाही म्हणून टॉवर बंद होत नाही, तो चालूच राहतो. पण रात्री आठ-नऊला अख्खं गाव एकदम मोठ्ठे व्हिडिओ ओढायला लागलं की कंपनी अजून यंत्रं लावते, आणि एकदा लावली की ती चोवीस तास वीज खातात. नेमक्या त्याच वेळी सूर्य मावळलेला असतो, सौर वीज शून्य असते आणि कोळशाचे संच जोरात असतात. बॅकअप, अपडेट, मोठे डाउनलोड दुपारी केले तर तेच काम उन्हाच्या विजेवर होण्याची शक्यता वाढते. काकांच्या भाषेत पाळी लावून घेणं.

आता माझी कबुली. मी गावचा एक बातम्यांचा ग्रुप चालवतो. नऊशेच्या आसपास सभासद. त्यावर मी वीस एमबीचा व्हिडिओ टाकला आणि सगळ्यांच्या फोनवर तो आपोआप उतरला, तर एका बातमीमागं अठरा जीबी. दिवसाला पाच बातम्या धरा. बाणगंगेच्या कचऱ्याचा तो गेलेला व्हिडिओ मी सर्वात वरच्या दर्जात घेत होतो, चार मिनिटांचे जवळपास दीड जीबी. कचरा काय त्यानं जास्त स्पष्ट दिसणार होता? साध्या दर्जात तो पाव जीबीत झाला असता. ज्या माणसाला एकेकाळी साठ केबीत गारपीट दाखवता येत होती, त्याला आज दीड जीबीत कचरा दाखवता येईना.

आणि हे मी अजाणतेपणी करत होतो असंही नाही. व्हिडिओ लांब असला की व्ह्यू जास्त, व्ह्यू जास्त की दुकानदार जाहिरात देतो. घर त्यावर चालतं. बातमी तीन ओळींत सांगितली तर जाहिरात कोण देणार, ही भीती खरी आहे. तुमच्यापासून कशाला लपवू? पण वाघाडच्या टेलच्या लोकांनी पाणी मोजायला घेतलं तेव्हा हेडवाल्यांचाही काहीतरी तोटा होताच की. तरी झालं.

म्हणून या महिन्यापासून ग्रुपवर काही गोष्टी ठरवल्यात.

बातमी आधी मजकुरात येईल. खरंच दाखवण्यासारखं असेल तरच व्हिडिओ, आणि तो साध्या दर्जात. व्हिडिओची फाइल ग्रुपवर टाकणार नाही, लिंक टाकीन. ज्याला बघायचं तो बघेल. वाढदिवस, सुप्रभात, नेत्यांचे बॅनर ग्रुपवर बंद. ज्यांना राग येईल त्यांनी भेटून दोन शब्द बोलावेत, चहा मी पाजीन. महिन्याच्या शेवटी ग्रुपवर किती एमबी गेले त्याचा आकडा मी जाहीर लिहीन, संस्थेच्या फळ्यावर पाण्याचा हिशेब लिहितात तसा. मोजलेला आकडा चारचौघांत आला की माणूस सुधारतो, हे आपल्या गावानं सिद्ध करून दाखवलंय.

तुम्ही काय करायचं? फार नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे. जमत नसेल तर घरातल्या पोरांना सांगा. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, तेही बंद करा. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर सर्वात वरचा दर्जा लावू नका, डोळ्यांना फरक कळत नाही. घरी वायफाय असेल तर तेच वापरा, टॉवरवरून तेवढाच डेटा आणायला जास्त वीज लागते. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स रिमोटनं नाही, बटणानं बंद करा. फोन हँग झाला तर आधी साफ करा, मग बॅटरी बदला, मग दुरुस्तीवाल्याकडं जा, नवीन अगदी शेवटी. आणि खणातले जुने फोन भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. कंपन्यांनी ई-कचऱ्याची जबाबदारी घ्यावी असा कायदा देशात आहे, त्याचा उपयोग आपण मागितला तरच होणार.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. सगळं तुमच्या-माझ्या अंगावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. डेटा सेंटर कुठल्या विजेवर चालतं, किती पाणी पितं, हा आकडा लोकांसमोर यायला पाहिजे. ओझरच्या शेतकऱ्याला घनमीटरमध्ये पाणी मोजून मिळतं आणि तो मोजून पैसे भरतो. मग शेकडो मेगावॅट वीज घेणाऱ्या इमारतीनं आपला हिशेब फळ्यावर का लिहू नये? दुरुस्त होईल असा फोन, बदलता येईल अशी बॅटरी, हे कंपन्यांनी द्यायला नको? टेलच्या माणसानं ओंजळीनं पाणी वाचवावं आणि हेडला दार तुटलेलं असावं, हे नव्वद साली आपल्या बापजाद्यांनी मान्य केलं नव्हतं. आपण का करायचं?

माझं म्हणाल तर नवीन फोन घेतला नाही. जुन्यातले ४१ जीबी काढले, बॅटरी बदलून घेतली, लोण्यासारखा चालतोय. खणातल्या तीन फोनपैकी एक चालू निघाला, तो भाच्याला अभ्यासाला दिला. बाणगंगेवर परत गेलो. कचरा तिथंच होता. यावेळी व्हिडिओ घेतला नाही. चारशे शब्दांची बातमी लिहिली, एक फोटो लावला. मोजून साठ केबीचा.

पटलं असेल तर ही पोस्ट कॉपी करून दहा ग्रुपवर टाकू नका, लिंक पाठवा. आणि त्याहून बरं म्हणजे संध्याकाळी चारीच्या कडेनं चक्कर मारायला घरातल्या लहान पोराला बरोबर न्या, आणि पाणी कुठं मोजतात ते त्याला दाखवा.